रविवारचा बर्फ

काळाचौकीच्या नाक्यावर माझी गोळ्याची गाडी आहे. रविवारी लोक पार ठाण्याहून येतात. आजही रांग लागली होती, पण बर्फ नव्हता. "गुणाजीशेठ, ऐन मे महिन्यात बर्फ संपतो कसा? मग दुकान मांडून कशाला बसलात?" लोक तोंडाला येईल ते बोलून गेले. मी ऐकून घेतलं. डोकं तापलं होतं, पण त्यांच्यावर नव्हे.

चार वाजता समोरच्या चाळीपाशी एक कार थांबली. रमाबाईंचा हितेंद्र उतरला, मागोमाग बायको आणि दोन मुलं. त्याला पुण्याला फोन सकाळी सातलाच गेला होता.

"काका, निघायलाच अकरा वाजले, त्यात ट्रॅफिक," तो म्हणाला. "दोन कालाखट्टा द्या ना पटकन. पोरं कंटाळलीत. एकदा वर गेलो की मग काही खाता येणार नाही."

याच गाडीपाशी त्याची आई पदराने त्याचं जांभळं तोंड पुसायची. माझे हात शिवशिवत होते.

"बर्फ नाही."

"काय काका, तुमच्याकडे बर्फ नाही? दोन गोळ्यांपुरता तरी असेलच की."

मी बर्फ किसायचा रंधा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"सकाळी दोन लाद्या आल्या होत्या. दोन्ही वर तुझ्या आईच्या अंगाखाली आहेत. मी येईपर्यंत तिला ठेवा, असं तूच म्हणालास ना? जा, घे किसून."