दोन रात्रींची सोय

शोशना आवासकरच्या पत्राला उत्तमरावांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. जपानी अमलात सिंगापुरात ज्यूंची धरपकड झाली, तेव्हा उत्तमरावांच्या आईने शेजारच्या आवासकर कुटुंबाला माळ्यावर लपवलं होतं. त्याच घरातली शोशना आता विचारत होती, ‘दोन रात्री तुमच्याकडे राहू का?’

“आजीचं धाडस मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो, बाबा,” मुलगा राजस म्हणाला. “पण राहायला नको. आमच्या जाईचं सहावीचं, बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष. घरात परकं माणूस कशाला?”

उत्तमरावांनी मान डोलावली, चार कागद फाडले आणि सिंगापुरातल्याच बुकित बातोकच्या पोस्टात पाचवा टाकला: ‘जवळच्या हॉटेलचा पत्ता सोबत आहे. आईला तुमच्या माणसांना घरात ठेवणं जमलं, कारण तेव्हा नुसतं युद्ध होतं. आमच्याकडे यंदा नातीची परीक्षा आहे.’