कलम अकरा

"कलम अकरा तेवढं काढून टाका," काकू म्हणाल्या. "बाकी सगळं छान आहे."

समारंभ-संयोजकाने चष्मा कपाळावर ढकलला. अठरा वर्षांच्या धंद्यात लोकांनी त्याच्या करारातलं आवाजाचं कलम काढायला सांगितलं होतं, वेळेचं सांगितलं होतं. एका मुलीच्या बापाने तर मोडतोडीचं कलम स्वतःच्या हाताने खोडून वर 'आमच्यात भांडणे होत नाहीत' असं लिहून दिलं होतं, आणि त्याच लग्नात चौदा खुर्च्या मोडल्या होत्या. अकराव्या कलमाला मात्र आजवर कोणी हात लावला नव्हता. तिथपर्यंत कोणी वाचतच नसे.

त्याने ते मोठ्याने वाचलं. "यजमानांपैकी कोणाचेही निधन झाल्यास कार्यक्रम रद्द समजण्यात येईल." मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकू, हे आपलं छापील असतं. मनाला लावून घेऊ नका. तुमच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, पुढच्या महिन्याची चोवीस तारीख, दोघंही चांगले ठणठणीत..."

"ठणठणीत मी आहे," काकू म्हणाल्या. "हे गेले ना मागच्या वर्षी."

'हे' शेजारच्या खुर्चीत बसले होते. राखाडी कोट, गुडघ्यांवर हात. आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, आणि त्यात संयोजकाला काही वावगं वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरे साधारण असेच बसतात. आता त्याच्या लक्षात आलं, की पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद फडफडताहेत, काकूंच्या कपाळावरच्या बटा उडताहेत, आणि काकांच्या डोक्यावरचे मोजके पांढरे केस मात्र जागचे हलत नाहीत.

दुपारचे साडेबारा वाजले होते. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

"काका..." संयोजकाने सुरुवात केली. 

"ऐकतात ते सगळं," काकू म्हणाल्या. "घाबरू नका, त्रास म्हणून काही नाही. घरात फारसे नसतातच. बाहेर जायचं म्हटलं की आधी दारात उभे. पूर्वीसारखंच. अकरा महिने कमी पडले हो आम्हाला! हॉस्पिटलात मी सांगितलं होतं, पन्नास पुरी केल्याशिवाय मी काही तुम्हाला सोडायची नाही. 'बरं' म्हणाले. शब्दाचा माणूस. आणि आता तुमच्या या कलमापायी आमचा कार्यक्रम ठरायच्या आधीच रद्द. मग बोलावलेल्या माणसांना काय सांगू?"

दार चार पावलांवर होतं. संयोजक उठून गेला असता तर त्याला कोणी नावं ठेवली नसती. पण दर रविवारी तो धंद्यात नव्याने येणाऱ्यांचे वर्ग घेत असे, आणि समोर कोण बसलंय ते बघू नका, कागदावर काय आहे ते बघा, हे तिथे पहिल्याच तासाला घसा फोडून सांगत असे. शिवाय काकूंच्या हरकतीत खोट काढायला जागा नव्हती. त्याचा करार इतका मन लावून अठरा वर्षांत कोणी वाचला नव्हता. त्याला थोडं भरूनही आलं.

"कलम काढता येणार नाही, काकू. एकाचं काढलं की सगळे मागे लागतील," तो म्हणाला. "दुरुस्ती करू."

त्याने पेन उघडलं, दोन्ही प्रतींत ओळीच्या सुरुवातीला बाण काढला आणि वर बारीक अक्षरात शब्द घातले. मग वाचून दाखवलं. "या करारावर सह्या झाल्यानंतर यजमानांपैकी कोणाचेही निधन झाल्यास. काकांचं आधीच झालेलं आहे. ते यात बसत नाही."

काकूंचे डोळे भरून आले. "बघा हो," त्या शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही उगाच काळजी करत होता. मी म्हटलं नव्हतं, मार्ग काढतील म्हणून?"

दोन्ही यजमानांनी संयोजकासमोर सही करायची, असा नियम होता. संयोजक जुन्या वळणाचा. दोन प्रतींमध्ये कार्बन घालून त्याने कागद पुढे सरकवले. काकूंनी सही केली. काकांनी पेन घेतलं आणि शेपूट काढलेली एक लफ्फेदार सही केली. संयोजकाने कार्बन उचलला. खालच्या प्रतीवर काकूंची सही ठळक उठली होती. तिच्या शेजारी कागद कोरा होता.

"खालच्या प्रतीवर पुन्हा करावी लागेल, काका," तो म्हणाला. "दाब पडला नाही."

काकांनी पुन्हा केली. पेन परत घेताना संयोजकाची बोटं पेरांपर्यंत बधिर झाली. हात टेबलाखाली नेऊन तो ती चोळत राहिला.

काकूंनी आपल्या प्रतीतलं अकरावं कलम शब्दाशब्दाखाली बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"म्हणजे ह्यांचा प्रश्न मिटला."

"मिटला."

"आता राहता राहिले मी," काकू म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

"तुम्हाला काय होतंय! शंभरी गाठाल," संयोजकही हसला. डायरी उघडून चोवीस तारखेच्या रकान्यात त्याने नोंद करायला घेतली. काकू खाली वाकून पिशवीची अडकलेली चेन ओढत होत्या. त्यांना जरा धाप लागली होती.

काका बराच वेळ त्यांच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहिले. मग टेबलावरून पुढे झुकले. आवाज पलीकडच्या खोलीतून यावा तसा आला.

"चोवीस फार लांब आहे," ते म्हणाले. "याच आठवड्यात एखादा दिवस मोकळा आहे का?"