काचेवरची फिल्म

गॅरेजमध्ये कॉम्प्युटर जुळवून विकणाऱ्या डॅरिलची एक रीत होती. कॉम्प्युटरच्या डब्याच्या काचेवरची प्लास्टिकची फिल्म तो कधीच काढायचा नाही. ती सोलण्याचं सुख गिऱ्हाइकाचं. दुसरी रीत फक्त त्यालाच ठाऊक होती. नोव्हेंबरात ऑर्डर आली की "ग्राफिक्स कार्ड कुठेच मिळत नाहीये" म्हणून थोपवून धरायचं आणि महिनाअखेरीच्या ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये ते स्वस्तात उचलायचं.

डिसेंबरात मिसेस ओल्सन कॉम्प्युटर परत घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्याने, हॅरल्डने, उभी हयात विमानं चालवलेली. आता घरबसल्या पडद्यावर पुन्हा एकदा विमान उडवायचं म्हणून त्याने नोव्हेंबरात तो करायला टाकला होता. रोज फोन करायचा, "झालं का रे पोरा?"

काचेवरची फिल्म जशीच्या तशी होती.

"लावलाच नाही तुम्ही?" डॅरिलने विचारलं.

"तू दाराशी ठेवून गेलास मंगळवारी. हॅरल्ड आदल्या रविवारीच गेला."

डॅरिलची मान खाली गेली. मिसेस ओल्सननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. शेवटपर्यंत तो तुझीच बाजू घेत होता. म्हणायचा, पोरगा तरी काय करणार, कार्डच मिळत नाहीये!"