कवळ्या करणाऱ्यांचा आकडा

"काम कसलं म्हणालात?" रोजगार कार्यालयातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"माझं नाही ताई, मुलीचं. ती कवळ्या करते. दातांच्या." शिंप्याने ओठ फाकवून स्वतःची कवळी दाखवली. "ही तिनंच केलीय. आपल्याकडे तिच्यासारखीला नोकरी मिळेल का, तेवढं बघायचंय. तुमच्याकडे आकडे असतात म्हणे."

"असतात की. विचारायलाच कोणी येत नाही." बाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

शिंप्याची बायको जाऊन बरेच दिवस झाले होते, आणि दुकानही आता बंद होतं. रविवारी मुलीचा फोन आला होता. शहरातल्या त्या एका खोलीला ती विटली होती. "तिथं काम असेल तर मी परत येते, बाबा. पण नीट चौकशी करून सांगा. उगाच 'ये, बघू काहीतरी' असं नको." तेव्हापासून तो घरातले कापडाचे गठ्ठे या भिंतीचे त्या भिंतीला लावत होता.

बाईंनी संगणकावर जिल्ह्याचा तक्ता उघडला. त्यांचं बोट पडद्यावरून खाली सरकत आलं. "हे बघा, वैद्यकीय आणि पूरक सेवा. पाच वर्षांत काम करणारे दीडपट झालेत. जागाही रिकाम्या आहेत."

शिंप्याचा चेहरा उजळला. "मी म्हणतच होतो! अहो, आमच्या गल्लीत बत्तीसच्या बत्तीस दात असलेला माणूस औषधाला सापडायचा नाही."

बाई हसल्या, आणि मग त्यांचं बोट एकदम थांबलं. "पण काका, यात सगळेच धरलेत. नर्स, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, दवाखान्यात झाडलोट करणारे. थांबा, फोड करून बघू." त्या बराच वेळ शोधत राहिल्या. "दातांच्या प्रयोगशाळा. तेव्हा सहा होत्या, आता एक. तीही बाप-लेकाची. पगारी माणूस कोणीच नाही."

"मग एवढ्या कवळ्या येतात कुठून?"

"डॉक्टर माप घेतात आणि कुरिअरने शहरात पाठवतात. तुमच्या मुलीकडेही जात असतील."

बाईंनी दोन्ही पानं छापून शिंप्याच्या हातात दिली. "वरचं पान दाखवलंत तर कोणालाही बरं वाटेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण नोकरी खालच्या पानावर बघायची असते."

बाहेर पायऱ्यांवर बसून त्याने फोन लावला. मुलीची जेवणाची सुट्टी चालू होती.

"बाबा! जाऊन आलात? काय निघालं?"

त्याने वरचं पान डोळ्यांजवळ धरलं. "दवाखान्यांतली माणसं पाच वर्षांत दीडपट झालीत. जागा रिकाम्या आहेत."

"खरंच?" ती ओरडलीच. "मग मी सोमवारी राजीनामा देते. खिडकीजवळचं तुमचं मशीन हलवू नका हं, त्याच्या शेजारी माझं टेबल मावेल. आणि ते ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवणं आता बंद. मी आल्यावर दोन्ही वेळा बसून जेवायचं, सांगून ठेवते."

ती बोलत राहिली. शिंप्याने तिला बोलू दिलं. एवढं हसत ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. खालचं पान त्याने पालथं घालून मांडीवर दाबून धरलं होतं.

"थांब," शेवटी तो म्हणाला. "त्यात नर्स धरल्यात. ड्रायव्हर धरलेत. तुझं काम इथं नाही गं. एकच प्रयोगशाळा उरलीय, तीही घरच्याघरी चालवतात."

पलीकडे कोणीतरी खुर्ची ओढली.

"बरं," ती म्हणाली. "मग नाही देत राजीनामा." थोड्या वेळाने तिचा आवाज बदलला. "आधी एक सांगितलंत, मग दुसरंच. बाबा, मी यायला नकोय का तुम्हाला?"

"वेडी का खुळी तू?" एवढंच त्याला जमलं. हुंदका तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने फोन कानापासून काढला आणि हात जाईल तेवढा लांब धरला. कामाच्या शोधात आलेले दोघे-तिघे त्या हाताला वळसा घालून पायऱ्या चढून गेले.

तेवढ्या लांबूनही तिचा बारीक आवाज येत होता.

"बाबा? हॅलो? बाबा, आहात ना?"