आठशे मीटर

उद्याच्या जिल्हा स्पर्धेत शाळेकडून नऊ जण धावणार होते, चार मुली आणि पाच मुलं. मोहिते मॅडमनी नऊ ओळखपत्रं दोनदा मोजली आणि सहीसाठी हेडसरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी त्यातलं रेणुकाचं तेवढं बाजूला सारलं.

"सर, तिला नववा आठवडा आहे. धावायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय."

"लिहायला त्यांचं काय जातंय? मैदानात काही झालं तर गाव माझ्या दारात येईल. मुलीची जात आहे, जपायला नको?"

अठरा वर्षांची, बारावीतली रेणुका दारातच उभी होती, पायात बूट घालून. "सर, तीन वर्षं आठशे मीटरला मीच पहिली येतेय. शाळा सुटल्यावर मला कोण धावायला देणार?"

"घरी जा, बाय. आता जिवाला जप."

ती हलली नाही. "मग प्रज्योतचंपण कार्ड बाजूला काढा."

मॅडमनी मान खाली घातली. मूल आपलंच आहे, हे प्रज्योतने परवा याच खोलीत, दोघांच्या आईबापांसमोर कबूल केलं होतं.

"त्याला कुठे काय झालंय?" असं म्हणत सरांनी आठ कार्डांवर सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या आठशे मीटरमध्ये प्रज्योत पहिला आला. मॅडमनी घड्याळ थांबवलं. दोन मिनिटं, चार पूर्णांक दोन दशांश सेकंद.