फुकटचा वकील

"मला परत पहिल्यापासून सांगायचं नाही," बाई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

लॉ कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलीने कपाळाला हात लावला. शनिवार घालवून राबायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. "मावशी, आम्ही काही पैसे घेत नाही. निदान नीट बोला तरी."

"काय बोलू? दर परीक्षेनंतर नवं पोर येतं. प्रत्येकाला सगळं सांगितलं. पोरं पास होऊन गेली, मी आहे तिथेच."

मुलगी चिडली, कारण बोलणं खरं होतं. सेवा म्हणे! ठरलेले तास भरले, सर्टिफिकेट हातात पडलं, की सेवाही गेली आणि सेवा करणारेही गेले. बाईकडे एकच खोली. तिथेच शिलाई मशीन, तिथेच खाट. घरमालकाला ती रिकामी करून हवी होती आणि सोमवारी सुनावणी होती.

मुलीचे तास कधीच भरले होते. तरी सोमवारी ती कोर्टात गेली, रागारागानेच. बाईची बाजू मांडायला केंद्राचे सर होते. मुलगी मागे, बाईच्या शेजारी बसली. विद्यार्थ्यांनी कोर्टात तोंड उघडायचं नसतं.

घरमालकाने नवा वकील दिला होता, चांगला तरुण, कडक इस्त्रीचा. "साहेब, बाई तिथे राहतच नाहीत. खोली कित्येक महिने बंद होती."

बाई पांढरीफटक पडली. "बहीण आजारी होती, तिच्याकडे होते मी," ती पुटपुटली. "घरमालकाला याचा पत्ताही नव्हता. मी फक्त याला सांगितलं होतं."

"याला म्हणजे?"

"या वकिलाला. केंद्रात पहिल्यांदा यानेच माझी केस लिहून घेतली."

मुलीच्या डोक्यात तिडीक गेली. पुढे वाकून तिने सरांच्या कानावर घातलं. सरांनी मान वळवली नाही.

"माहीत आहे मला. माझा विद्यार्थी आहे तो, हे बाहेर आलं तर आयुष्यातून उठेल. फुकटच्या केसमध्ये कोण एवढं बघतं? गप्प बस."

म्हणजे बाई अशील नव्हतीच कधी. पोरांनी हात बसवायला वापरलेली कोणीतरी होती.

मुलगी उभी राहिली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण? या बाईंच्या वकील?"

"नाही साहेब," ती म्हणाली आणि तिने घरमालकाच्या वकिलाकडे बोट दाखवलं. "यांचे वकील ते आहेत."