कंटिन्युअसली

इंग्लिशच्या मॅडमनी 'कंटिन्युअसली' शिकवलं आणि घरात सतत चालणाऱ्या गोष्टींवर वाक्यं करून आणायला सांगितली. पंखा बंद होता, म्हणून मी बाहेर ओट्यावर बसले आणि सुटलेच! "मम्मी इज कंटिन्युअसली शाउटिंग!"

"आणि तू कंटिन्युअसली माझं डोकं खातेस," नाशिकच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता मम्मी म्हणाली.

एवढ्यात विहिरीकडून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. थांबेचना, उलट वाढतच चालला. मी टाळीच वाजवली. "अवर मोटर इज कंटिन्युअसली रनिंग!"

मम्मीच्या हातातली जुडी गळून पडली.



"लाइट कुठंय गं? लाइट नाही म्हणून तर पप्पा मोटर दुरुस्त करायला विहिरीत उतरलेत... त्या आग्या मोहोळाच्या खाली!"